विश्लेषण : ‘बिग बॉस’चा निकाल तोंडपाठ, पालिकेचा ठराव ठाऊक नाही, दोष एकट्या प्रेक्षकाचा आहे का?

गेल्या नोव्हेंबरचा शेवट आणि डिसेंबरची सुरुवात आठवून पाहा. २३ नोव्हेंबर २०२५ रोजी क्रिकेटपटू स्मृती मानधनाचे सांगलीतील लग्न लांबणीवर पडले. २४ नोव्हेंबरला अभिनेते धर्मेंद्र गेले. ७ डिसेंबरला गौरव खन्ना ‘बिग बॉस १९’चा विजेता ठरला. त्याच दिवशी मानधनाने लग्न रद्द झाल्याचे जाहीर केले आणि खासगीपणा जपू द्या, अशी विनंती केली. याच पंधरवड्यात, २ डिसेंबरला, पारोळ्यासह राज्यातील बहुतांश नगरपरिषदा आणि नगरपंचायतींसाठी मतदान झाले.

पहिल्या चार घटनांचे तपशील गावात कोणालाही विचारा, उत्तर मिळेल. आपल्या प्रभागातील उमेदवाराने पाण्याबद्दल नेमके काय आश्वासन दिले होते, असे विचारले तर मात्र बहुतेकांना आठवावे लागेल. यावर एक ठरलेले वाक्य ऐकू येते : लोकांनाच राजकारणात रस उरलेला नाही, त्यांना नट-नट्या हव्यात. हे वाक्य सोयीचे आहे, पण खान्देशातील अनुभव वेगळे सांगतो.

लोकांना राजकारणात खरेच रस नाही?

मतदानाचे आकडे तसे म्हणत नाहीत. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत पुण्यात ५३.५४ टक्के मतदान झाले. त्याच टप्प्यात, १३ मे रोजी, जळगावमध्ये ५८.४७ टक्के, रावेरमध्ये ६४.२८ टक्के आणि नंदुरबारमध्ये ७०.६८ टक्के मतदान झाले. मे महिन्यातील खान्देशचे ऊन लक्षात घेतले तर हे आकडे बेफिकीर माणसांचे वाटत नाहीत. त्याच वर्षी नोव्हेंबरमधील विधानसभा निवडणुकीत राज्यभरात ६६ टक्के मतदार बाहेर पडले. परवाच्या नगरपरिषद निवडणुकीतही राज्याची सरासरी ६७ टक्क्यांच्या आसपास होती.

चहाच्या टपरीवर, बाजार समितीच्या आवारात, लग्नाच्या मांडवात राजकारणाचीच चर्चा असते. ही चर्चा बहुतेक वेळा माणसांभोवती फिरते. तिकीट कोणाला मिळाले, कोण कोणाच्या गटात गेले, कोणाचे कोणाशी फाटले, हे सगळे लोकांना माहीत असते. मागच्या सभेत कोणता ठराव झाला, कोणत्या कामाचा ठेका किती रकमेला गेला, हे त्या चर्चेत क्वचित येते.

म्हणजे रस आहे, पण तो माणसांत आहे, निर्णयांत नाही. तारे पाहण्याची जी सवय, तीच राजकारण पाहतानाही लागली आहे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील निक कौल्ड्री, सोनिया लिव्हिंगस्टन आणि टिम मार्कहॅम यांनी ब्रिटनमध्ये याच विषयाचा अभ्यास केला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, प्रसिद्ध व्यक्तींच्या बातम्यांत रमणारे लोक सार्वजनिक कामात सर्वांत कमी भाग घेणाऱ्यांपैकी होते. ताऱ्यांच्या बातम्या वाचता वाचता माणूस आपोआप सार्वजनिक प्रश्नांकडे वळतो, ही आशा त्या अभ्यासाने खोटी ठरवली. मात्र दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. कारण शोधायला आपल्या गावातच यावे लागेल.

तारा प्रचाराला आला की मते मिळतात?

ताजे उदाहरण जळगाव जिल्ह्यातच आहे. विधानसभा प्रचाराच्या शेवटच्या टप्प्यात, १६ नोव्हेंबर २०२४ रोजी, अभिनेते गोविंदा महायुतीच्या उमेदवारांसाठी जिल्ह्यात आले होते. मुक्ताईनगर, बोदवड, पाचोरा आणि चोपडा असा त्यांचा दौरा होता. पाचोऱ्यातील रोड शोमध्ये तब्येत बिघडल्याने ते दौरा अर्धवट सोडून मुंबईला परतले. पुढे निकालात जिल्ह्यातील ११ पैकी ११ जागा महायुतीने जिंकल्या. गोविंदा जिथे जाणार होते त्या जागा मिळाल्या आणि पारोळा ज्यात येते त्या एरंडोलसारख्या, त्यांच्या दौऱ्यात नसलेल्या जागाही मिळाल्या. त्यामुळे मते त्यांनी आणली असे म्हणायला आधार नाही.

मुंबईतील वर्सोव्याचे उदाहरण आणखी बोलके आहे. त्याच निवडणुकीत ‘बिग बॉस’मुळे ओळखले जाणारे अभिनेते एजाज खान तेथे उभे होते. इन्स्टाग्रामवर त्यांना सुमारे ५६ लाख लोक ‘फॉलो’ करत होते आणि मते मिळाली १५५. ‘नोटा’ला त्याहून कितीतरी अधिक मते पडली. २०१९ मध्ये ऊर्मिला मातोंडकर यांना उत्तर मुंबईत मोठ्या फरकाने हार पत्करावी लागली. त्याच मतदारसंघातून २००४ मध्ये गोविंदांनी राम नाईक यांचा पराभव केला होता, पण पुढच्या निवडणुकीत ते उभेच राहिले नाहीत.

उलट उदाहरण शिरूरचे आहे. संभाजी महाराजांच्या भूमिकेमुळे घराघरांत पोहोचलेले डॉ. अमोल कोल्हे २०१९ मध्ये निवडून आले आणि २०२४ मध्ये पुन्हा निवडून आले. पहिल्या विजयात मालिकेचा वाटा नक्कीच होता. दुसऱ्या निवडणुकीपर्यंत मात्र कांदा निर्यातबंदीचा प्रश्न त्यांनी लावून धरला होता आणि त्यासाठी शिवनेरीहून मोर्चाही काढला होता. शिरूर हा कांदा पिकवणारा भाग आहे. पडद्यावरची ओळख दार उघडून देते, आत टिकायचे तर काम दाखवावे लागते.

थोडक्यात, मतदाराला पाहणे आणि निवडणे यातला फरक कळतो. गर्दीत उभा राहून तो मोबाइलवर चित्रीकरण करतो आणि मत मात्र वेगळ्या हिशेबाने देतो. नेत्यांनाही हे ठाऊक आहे. वाढदिवस आणि दहीहंडीला शिंदखेड्याच्या गौतमी पाटील यांच्यासारख्या कलाकारांचे कार्यक्रम ठेवले जातात ते गर्दीसाठी. कलाकार आपले काम करून जातो. त्या गर्दीला दुसरे काहीच सांगितले जात नाही, ही खरी अडचण आहे.

मग राजकारणालाच ताऱ्यांचे वळण लागले आहे का?

चौकातील फलक पाहिले तरी उत्तर मिळते. फलकावर चेहरे असतात, काम नसते. नाव ओळखीचे असणे हे भांडवल आहे आणि ते घरातल्या घरात पुढे जाते. एरंडोल मतदारसंघात २००९ आणि २०१९ मध्ये चिमणराव पाटील आमदार झाले, २०२४ मध्ये त्यांचे पुत्र अमोल पाटील. लोकांनी रीतसर मतदान करून दिलेला हा कौल आहे आणि त्याचा मान राखलाच पाहिजे. पण नव्या उमेदवाराला पहिली पाच वर्षे नुसते नाव पोहोचवण्यात घालवावी लागतात, हेही तितकेच खरे.

काही ठिकाणी गोष्ट मतदानापर्यंतही गेली नाही. परवाच्या निवडणुकीत जामनेरचे नगराध्यक्षपद बिनविरोध झाले. मंत्री गिरीश महाजन यांच्या पत्नी साधना महाजन तेथे निवडून आल्या. दोंडाईचा येथे मंत्री जयकुमार रावल यांच्या मातोश्री नयनकुंवर रावल बिनविरोध नगराध्यक्ष झाल्या. बिनविरोध निवड कायदेशीर आहे. मात्र त्या पदासाठी मतदारापुढे यंत्र येत नाही, त्यामुळे ‘नोटा’चे बटण दाबण्याचाही प्रश्न उरत नाही. ज्या सामन्यात दुसरा संघच नाही, तो प्रेक्षकांनी उत्सुकतेने पाहावा ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

या धोक्याची सूचना जुनी आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितले होते की, धर्मात भक्ती आत्म्याला मुक्तीकडे नेत असेल, पण राजकारणातील भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. त्याआधी १२ वर्षे, नोव्हेंबर १९३७ मध्ये, खुद्द जवाहरलाल नेहरूंनी ‘चाणक्य’ या टोपणनावाने ‘मॉडर्न रिव्ह्यू’ मासिकात लेख लिहून लोकांना नेहरूंच्याच लोकप्रियतेपासून सावध केले होते. आज अशी सूचना स्वतःबद्दल देणारा नेता शोधावा लागेल.

चार वर्षे पाहण्यासारखे होते तरी काय?

लोकांना दोष देण्याआधी हा प्रश्न विचारायला हवा. २०१६ च्या अखेरीस निवडून आलेल्या नगरपरिषदांची मुदत २०२१ च्या अखेरीस संपली. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद न्यायालयात गेले आणि निवडणुका थांबल्या. मार्च २०२२ मध्ये जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांचीही मुदत संपली. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला, नंतर मुदत ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढवली. ४ नोव्हेंबरला राज्य निवडणूक आयोगाने २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींचा कार्यक्रम जाहीर केला, तेव्हा कुठे १ कोटी ७ लाख मतदारांची प्रतीक्षा संपली.

मधली जवळपास चार वर्षे कारभार प्रशासकाकडे होता. घरपट्टी भरली जात होती, निविदा निघत होत्या, खर्च होत होता. पण ज्याला रस्त्यात अडवून ‘आमच्या गल्लीत पाणी का नाही?’ असे विचारता येईल, असा नगरसेवक नव्हता. सभागृह नव्हते, म्हणून वाद नव्हता. विरोधक नव्हते, म्हणून प्रश्न नव्हते. २०२२ च्या सुरुवातीला १८ वर्षांचा झालेला पारोळ्याचा तरुण २१-२२ वर्षांचा झाला तेव्हा त्याने प्रथमच पालिकेसाठी मत दिले. मतदार झाल्यापासून त्याने आपल्या गावाचे सभागृह चाललेले पाहिलेच नव्हते. त्याच काळात ‘बिग बॉस’चे घर दर वर्षी नेमाने भरत होते.

निकालाचेही तेच झाले. मतमोजणी ३ डिसेंबरला ठरली होती. काही ठिकाणचे मतदान २० डिसेंबरवर गेल्यामुळे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सर्वांचीच मोजणी २१ डिसेंबरला घेण्याचा आदेश दिला. निकालाची उत्सुकता ही राजकारणाकडे असलेली सर्वांत मोठी नाट्यमय गोष्ट. मतदान आणि मोजणी यांत १९ दिवस गेले आणि मधल्या काळात ‘बिग बॉस’चा निकाल ठरल्या दिवशी लागला.

योगायोग असा की, या हंगामात ‘बिग बॉस’ची संकल्पनाच ‘घरवालों की सरकार’ अशी होती. निर्णय घरातील सदस्य घेणार आणि चर्चेसाठी ‘असेंब्ली रूम’ही होती. लोकांना सभागृहातील वाद पाहायला आवडत नाहीत, असे म्हणणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

बातमीचे गणित काय सांगते?

मोबाइलवर कोणती बातमी वर दिसावी, हे बऱ्याच अंशी संगणकीय प्रणाली ठरवते. किती जणांनी बातमी उघडली, किती वेळ वाचली, किती जणांना पाठवली, यावरून ती शिकते आणि तशाच बातम्या पुढे करते. जाहिरातीचे पैसेही किती वेळा पान उघडले यावर अवलंबून असतात.

आता पारोळा शहराचा विचार करा. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ४० हजारांच्या आत होती. समजा, पारोळ्याच्या पाणीपुरवठ्याची बातमी गावातील प्रत्येक माणसाने, अगदी तान्ह्या बाळानेही, उघडली. तरी तो आकडा ४० हजारांच्या आसपास थांबेल. अभिनेत्याच्या लग्नाची बातमी देशातील हजार माणसांपैकी एकानेच उघडली तरी ती लाखाच्या पुढे जाते. पहिल्या बातमीत गावाचा रस शंभर टक्के, दुसरीत देशाचा हजारात एक, आणि तरीही प्रणालीच्या लेखी जिंकते ती दुसरी.

या मोजमापात आस्था किती खोल आहे हे येतच नाही, फक्त रुंदी येते. पारोळ्याच्या माणसाला नळाचे पाणी नटाच्या लग्नापेक्षा कमी महत्त्वाचे वाटते, असे यातून सिद्ध होत नाही. पाण्याची बातमी महत्त्वाची वाटणारे लोक संख्येने थोडे आहेत, इतकेच सिद्ध होते. मग अशा बातम्या कमी दिसतात. कमी दिसल्या म्हणून कमी वाचल्या जातात आणि कमी वाचल्या म्हणून आणखी कमी दिसतात. या चक्राचा दोष शेवटी वाचकाच्या माथी मारला जातो.

याची किंमत शेतकऱ्यालाही मोजावी लागते. १९ ऑगस्ट २०२५ रोजी केंद्र सरकारने कापसावरील ११ टक्के आयात शुल्क ३० सप्टेंबरपर्यंत उठवले. २८ ऑगस्टला ही सवलत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवण्यात आली, म्हणजे खान्देशचा कापूस बाजारात येण्याचे महिने तीत आले. हंगामाचा हमीभाव मध्यम धाग्यासाठी ७,७१० आणि लांब धाग्यासाठी ८,११० रुपये क्विंटल होता. खासगी बाजारातील भावाशी संबंध असलेला हा निर्णय. या दोन तारखांच्या मधोमध, २४ ऑगस्टला, ‘बिग बॉस १९’ सुरू झाले. त्यात कोण कोण आहे हे सर्वदूर पोहोचले. शुल्कमाफीची बातमी छापून आली होती, पण ‘अधिसूचना’, ‘उपकर’ अशा शब्दांत. कापूस लावलेल्या माणसाने ती वाचून करायचे काय, हे तीत सहसा नव्हते.

ताऱ्यांचे आकर्षण कधी लोकांच्या कामी आले का?

आले आहे आणि तेही खान्देशात. काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन डिसेंबर १९३६ मध्ये आपल्या फैजपूरला भरले. अध्यक्ष होते जवाहरलाल नेहरू. त्या काळात नेहरूंभोवती जे वलय होते ते आजच्या कोणत्याही नटाहून कमी नव्हते. शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबू आणि साध्या ग्रामीण साहित्यातून अधिवेशनाचा परिसर सजवला होता. माणसे नेहरूंना पाहायला आली, हे उघड आहे. पण त्या अधिवेशनाने शेतकऱ्यांच्या प्रश्नांवर कार्यक्रम मांडला, आणि अमळनेरला शिक्षक राहिलेल्या साने गुरुजींसारखे कार्यकर्ते अधिवेशनाआधीही गावोगाव फिरत होते आणि नंतरही. पाहायला आलेल्या माणसाला काम सांगणारे कोणीतरी तेथे हजर होते.

अलीकडचा दाखला ‘पाणी फाउंडेशन’चा. आमिर खान यांच्या या संस्थेने २०१६ मध्ये तीन तालुक्यांत ‘वॉटर कप’ स्पर्धा सुरू केली. पुढच्या वर्षी शेजारचा अमळनेर तालुका त्यात आला. नाव अभिनेत्याचे होते, कुदळ-फावडे गावाचे होते. ४५ दिवसांची मुदत, कामाला गुण, गावातून प्रशिक्षणाला पाठवलेली माणसे आणि शेवटी निकाल, अशी तिची रचना होती. नीट पाहिले तर रिअॅलिटी शोचेच घटक आहेत : ठरलेला काळ, ओळखीची माणसे, रोजची प्रगती आणि निकाल. फरक इतकाच की प्रेक्षकालाच स्पर्धक केले होते. स्पर्धेने पाण्याचे सगळे प्रश्न सुटले नाहीत. पण उन्हाळ्यात माणसे श्रमदानाला आली, कारण आपण नेमके काय करायचे हे त्यांना सांगितले गेले होते.

पारोळ्यात आता काय करता येईल?

नवे सभागृह नुकतेच आले आहे. नगराध्यक्ष थेट मतदारांनी निवडलेला आहे आणि नवे आर्थिक वर्ष सुरू होण्याआधी या सभागृहाला आपला पहिला अर्थसंकल्प मांडायचा आहे. लक्ष ठेवायला याहून चांगली वेळ नाही.

पालिकेने करायची कामे फार खर्चाची नाहीत. सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका आधी आणि इतिवृत्त नंतर संकेतस्थळावर टाकावे. सभेचे थेट प्रक्षेपण करावे. त्यासाठी एक मोबाइल आणि एक तिवई पुरते. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार अंदाजपत्रकासारखी माहिती मागण्याची वाट न पाहता स्वतःहून जाहीर करायची असते. प्रभागातील मतदारांच्या क्षेत्रसभेची तरतूदही राज्याच्या कायद्यात आहे, ती कागदावरून गल्लीत यायला हवी. तालुक्यातील गावांत ग्रामसभा आहेतच, तेथे हजेरी लावणे एवढेच बाकी आहे.

वृत्तपत्रांनी आणि संकेतस्थळांनी पालिकेची बातमी मालिकेसारखी चालवायला हवी. मागच्या सभेत काय ठरले, त्यातले काय झाले, पुढची सभा कधी, कोणता नगरसेवक काय बोलला, हे दर महिन्याला त्याच जागी, त्याच मांडणीत यावे. वाचक थोडे असतील, पण ज्यांना ती बातमी लागते त्यांच्यासाठी दुसरीकडे ती कुठेच नाही.

आणि वाचकाने? नट-नट्यांच्या बातम्या सोडायची गरज नाही. दिवसभर राबून आलेल्या माणसाने संध्याकाळी करमणूक पाहिली तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. फक्त तीन प्रश्न निवडावेत : नळाला पाणी किती दिवसांआड येते, घरपट्टीची वसुली किती झाली आणि आपल्या गल्लीच्या रस्त्याचे-गटारीचे काम कोणाला, किती रकमेला दिले. दर महिन्याला हेच तीन प्रश्न आपल्या प्रभागातील दोन नगरसेवकांना विचारावेत आणि मिळालेले उत्तर तारखेसह गल्लीच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकावे. सहा महिन्यांत उत्तरांची यादी तयार होईल. पाच वर्षांनी मते मागायला कोण येईल हे आज सांगता येत नाही, पण त्याच्यासमोर ठेवायला गल्लीकडे स्वतःचा हिशेब असेल.